आपल्या माणसाला आख्खी गोळी

ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी उतारवयात हळवी होऊन लिहितेय असं कुणाला वाटायला नको. मला ती आजही आवडत नाही.

सिडनीच्या पश्चिमेला, वेंटवर्थव्हिलपासून दोन स्टेशनं पुढे, एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट होते. पुण्यात बी. फार्म. झालेली, इथली परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालेली, आणि त्यामुळे स्वतःबद्दल बरंच काही वाटणारी. विद्यार्थ्यांची लाट आली होती ती वर्षं. दर सेमिस्टरला विमानं भरभरून पोरं उतरत होती. कुणी अकाउंटिंगला, कुणी स्वयंपाक शिकायला, कुणी केस कापायच्या कोर्सला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठ-आठ जण राहायचे. आमच्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला यायचे आणि माझा चेहरा बघून 'मॅम'ची लगेच 'दीदी' करायचे.

मालक साठीचा ग्रीक. दहाशिवाय उगवायचा नाही. नऊला दुकान उघडायचं आणि सकाळच्या डोसवाल्यांना सांभाळायचं हे काम माझ्या गळ्यात. डोसवाले म्हणजे हेरॉइनच्या किंवा तसल्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेणारे. डॉक्टर त्यांना एक गोळी लिहून देतो. ती जिभेखाली धरायची. विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ फार्मासिस्टने समोर उभं राहायचं, कारण तीच गोळी तोंडातून परत काढून रस्त्यावर विकता येते. म्हणून आमच्या दुकानाचा नियम असा की गोळीचा आधी भुगा करायचा, तो जिभेखाली टाकायला लावायचा आणि शेवटी तोंड उघडायला सांगून आत बघायचं. जीभ वर, जीभ खाली, गाल बाजूला. चार वर्षं कॉलेजात जागून अभ्यास केला तो लोकांच्या तोंडात डोकवायला, असं मला रोज सकाळी वाटायचं.

आणि तोंडं तरी कसली! किडलेले दात, सिगरेटचा भपकारा, वर 'हाऊ यू गोइंग, लव्ह' ही सलगी. रांगेत उभ्या उभ्या भांडायचे. आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी आमच्या डोळ्यांदेखत शाम्पूच्या बाटल्या खिशात घालायच्या. डोसवाला आत आला की मी आधी त्याच्या हातांकडे बघायचे, मग तोंडाकडे. 'गुड मॉर्निंग' म्हणायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

तर ती बाई. चाळिशीची, हाडकुळी, हातभर निळं पडलेलं गोंदण. नऊ वर्षं तिने घरफोड्या केल्या होत्या आणि दोनदा तुरुंगात जाऊन आली होती. हे ती कुणालाही आपणहून सांगायची, एखादीने मी पूर्वी बँकेत होते म्हणून सांगावं तसं. उपचार सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत एक चॉकलेटसुद्धा चोरलं नाही असं तिचं म्हणणं. माझा विश्वास नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या लाँड्रीत ती आठवड्यातले चार दिवस कामाला जायची. हॉस्पिटलच्या चादरी इस्त्रीच्या रोलरमध्ये सारायचं काम. उजाडायच्या आत निघायची आणि परतायची तेव्हा आमचं शटर खाली आलेलं असायचं. म्हणून त्या चार दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची तिला परवानगी होती, दोन बुधवारी, दोन शनिवारी, फॉइलमध्ये बंद. याला सगळे टेकअवे म्हणत. टेकअवे ज्याला त्याला मिळत नसे. डॉक्टरचा आणि दुकानाचा दोघांचा भरवसा लागायचा. टेकअवे गेला तर नोकरी गेली, हे तिला माहीत होतं आणि तिने मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मलाही पाठ झालं होतं.

मग तो आला.

एका सोमवारी पावणेनऊला शटरबाहेर उभा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मी आत घेतलं नसतं, पण तो म्हणाला, "ताई, तुम्ही मराठी ना? बाहेर तुमचं नाव वाचलं." हातात डॉक्टरचं पत्र होतं. अकाउंटिंगच्या मास्टर्सला आलेला, अठ्ठावीसचा. वेअरहाउसमध्ये खोकी उचलताना खांदा गेला, त्यावर कोडीनच्या, म्हणजे अफूच्या जातीतल्या वेदनाशामक गोळ्या सुरू केल्या. तेव्हा त्या इथे चिठ्ठीशिवाय मिळत. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दिवसाला तीस. आता तो आमचा डोसवाला होता.

मी त्याला तीन प्रश्न विचारले. आडनाव काय, पुण्यात कुठे, शाळा कुठली. आपल्याकडे हे तीन प्रश्न कुणी मुद्दाम विचारत नाही, ते आपोआप तोंडातून येतात. त्याची उत्तरं आली, त्याचा एक मामा माझ्या मावशीच्याच सोसायटीत निघाला, आणि त्याचं कॅरेक्टर सर्टिफिकेट माझ्या मनात छापून, सही-शिक्क्यानिशी तयार झालं. हा 'तसला' नव्हता. हा बिचारा अडकला होता.

"ताई, एक रिक्वेस्ट होती," तो म्हणाला. "समोरच्या ग्रोसरीत माझे क्लासमेट्स असतात. कुणी या लाइनीत बघितलं तर घरी कळेल. मी उघडायच्या आधी आलो तर चालेल?"

चालेल काय, मी त्याला मागच्या छोट्या खोलीत खुर्ची दिली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, भुग्याने मळमळतं. मी आख्खी गोळी द्यायला लागले. त्याच्या जिभेखाली गोळी असताना मी पुढे जाऊन दिवे लावायचे, गल्ला उघडायचे, आणि परत येईपर्यंत तो उठून उभा असायचा. "झालं, ताई. येतो." जातो म्हणायचा नाही, येतो म्हणायचा. या एका शब्दावर मी विरघळत होते. तोंड उघड असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. आपल्याच माणसाला, चांगल्या घरच्या, ताई म्हणणाऱ्या मुलाला, बैल बाजारात बघतात तसं दात दाखव म्हणायचं? मला त्याची नाही, माझीच लाज वाटली असती. दिवाळीला आईने पाठवलेल्या चिवड्यातला निम्मा त्याने मला आणून दिला. मी खाल्ला.

चार महिने असे गेले.

मार्चमधल्या एका गुरुवारी एक कॉन्स्टेबल दुकानात आला. मालक बँकेत गेला होता. कॉन्स्टेबलने काउंटरवर प्लास्टिकची छोटी पिशवी ठेवली. स्टेशनच्या मागे एकाला पकडलं होतं, त्याच्याकडे चार गोळ्या सापडल्या. या तुमच्याकडच्या टेकअवेपैकी असू शकतात का?

मी पिशवी उचलली. चारही गोळ्यांच्या कडा झिजलेल्या होत्या, अंगावर टिश्यू पेपरचे तंतू चिकटून वाळले होते. टेकअवेची गोळी फॉइलमधून निघते, कोरडी खडखडीत. या गोळ्या तोंडातून आल्या होत्या, आणि आख्ख्या होत्या. या दुकानात जिभेखाली आख्खी गोळी मी फक्त एकाला देत होते.

हे कळायला मला किती वेळ लागला म्हणाल तर काहीच नाही. पिशवी हातात होती तोवरच कळलं होतं. आणि त्याच दमात मी म्हणाले, "असू शकतात. आमच्याकडे पाच जण टेकअवे नेतात."

"त्यांच्यापैकी कुणाचा रेकॉर्ड वगैरे?"

मी तिचं नाव सांगितलं.

खोटं असं मी काही बोलले नव्हते. पाच जण टेकअवे नेत होतेच, तिचा रेकॉर्ड होताच. एकेक वाक्य खरं होतं. मालक आल्यावर त्यालाही मी तेवढंच सांगितलं. त्याने डॉक्टरला फोन लावला. चौकशी होईपर्यंत तिचे टेकअवे बंद, रोज दुकानात येऊन डोस घ्यायचा, असं डॉक्टरने कळवलं. पाच मिनिटांत उरकलं सगळं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो आयटीतला, त्याला प्रत्येक गोष्टीत रिस्क दिसते. "तू त्याचं तोंड बघायची नाहीस, हे कुणाला माहितेय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणाला नाही. "मग आता गप्प बस. तुझं रजिस्ट्रेशन जाईल आणि त्याचा व्हिसा. आणि कुणासाठी? एका जंकीसाठी?" मला पाहिजे होतं तेच तो बोलला. मी मूग गिळून बसले.

शनिवारी ती आली. तिला क्लिनिकमधून फोन गेलेला होता. रांगेत उभी न राहता ती सरळ काउंटरवर आली आणि दोन्ही तळवे काचेवर ठेवले.

"कोण बोललं डॉक्टरशी?"

"दुकानाकडून रिपोर्ट गेला," मी म्हटलं. "चौकशी होईल. तोपर्यंत रोज यायचं."

"मी रोज कशी येणार? मी सहाला मशिनवर असते. तुम्ही उघडता नऊला आणि मी परत येते तेव्हा बंद. तुला माहितेय हे. दोन वर्षं तू स्वतः माझ्या हातात गोळ्या देतेयस."

"कामाजवळचं दुकान बघ."

"तिकडे वेटिंग लिस्ट आहे, महिन्याभराची." मग तिने आवाज खाली आणला. त्या आवाजाची मला जास्त भीती वाटली. "तुझा तो मुलगा. शर्टवाला, तुझ्या देशाचा. बस स्टॉपवर तोंडातून टिश्यूत काढतो. मी दोनदा पाहिलंय. तू त्याचं तोंड कधी बघतेस? माझं तर दर वेळी बघतेस, नाक मुरडून."

रांगेतले सगळे ऐकत होते. त्या दिवसांत आमच्या पोरांना ट्रेनमध्ये, स्टेशनबाहेर मारहाणी होत होत्या, पेपरात रोज बातम्या, शहरात मोर्चे निघत होते. मी ते सगळं उचललं आणि तिच्या अंगावर फेकलं. "रस्त्यावर आमच्या मुलांना मारताय तेवढं पुरत नाही का? आता इथे येऊन आमच्यावर घसरणार? वंशद्वेषी बोलणं या दुकानात चालणार नाही. निघायचं असेल तर दार तिकडे आहे."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "फेअर इनफ." मागून मालक आला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला सांगितलं की पुन्हा असं बोललीस तर उपचाराच्या कार्यक्रमातूनच नाव काढीन. तिने त्या दिवसाचा डोस घेतला, तोंड उघडलं, मी आत बघितलं.

सोमवारी पावणेनऊला तो आला तेव्हा मी खलबत्ता काढून ठेवला होता. त्याच्यासमोर गोळी कुटली.

"ताई? मळमळतं मला, माहितेय ना तुम्हाला."

"मळमळू दे. आणि झालं की तोंड उघडायचं."

तो रडेल असं वाटलं होतं, पाय धरेल असंही वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "निम्मेच दिवस तोंडातून काढायचो," तो म्हणाला. "बाकीच्या दिवशी घ्यायचो खरंच. एक जण हवी म्हणाला, दिली. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीये ना?"

"अजून नाही."

"सांगू नका, ताई. तुम्हीपण अडकाल." किती साळसूदपणे बोलला! धमकी देतोय असं त्याच्या चेहऱ्यावरसुद्धा नव्हतं. माझी काळजी करत होता जणू. त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. पण तो बोलला ते शंभर टक्के खरं होतं, म्हणून मी त्याला भुगा दिला आणि दहा मिनिटं समोर उभी राहिले. तोंड स्वच्छ होतं. चांगले, पांढरे, सरळ दात.

महिन्याच्या आत त्याने युनी बदलली आणि अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्स या उपनगरात गेला. जाताना उपचार तिकडच्या दुकानात हलवायचे होते, त्यासाठी माझं पत्र लागत होतं. पेशंटच्या वर्तनाबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. मी लिहिलं, नियमित, सभ्य, आजवर कोणतीही तक्रार नाही. त्याने 'थँक यू ताई' असा मेसेज केला. मी उत्तर दिलं नाही, हीच काय ती माझी मर्दुमकी.

तिचं पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. थोडं तिच्याकडून, थोडं रांगेतल्या इतरांकडून, कारण रांगेत कुणाचंच काही लपत नाही. पहिल्या दिवशी ती डोस न घेता कामावर गेली. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या. सुपरवायझरने तिला रोलरपाशी थरथरताना बघितलं आणि घरी पाठवलं. मग डोससाठी दोन दिवस रजा घेतली, पुढच्या आठवड्यात तीन. त्यानंतर येऊ नकोस म्हणाले. रिकाम्या जागेवर त्यांनी दोन विद्यार्थी ठेवले, कारण एका विद्यार्थ्याला आठवड्याला वीसच तास काम करायची मुभा होती. "तुझ्याकडचे आहेत," ती मला म्हणाली. "चांगली पोरं आहेत. माझ्या मशिनवर त्यांना मीच शिकवलं, शेवटच्या दिवशी."

यात टोमणा होता की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, नव्हता. तेच जास्त लागतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. फोन तीन हातांवर होता, डॉक्टरचा नंबर भिंतीवर चिकटवलेला. तिची नोकरी गेली होती, पण तिला दुसरी मिळाली असती. टेकअवे परत चालू करा, बाईची चूक नाही, माझी आहे, एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या काळात रोज सकाळी मी ते वाक्य मनात इंग्रजीत जुळवायचे. रोज सकाळी ती समोर येऊन तोंड उघडायची आणि ते तोंड बघितलं की मला तिचाच राग यायचा. ही बाई दुसऱ्या गावाला का जात नाही, हिला दुसरं दुकान का मिळत नाही, ही रोज माझ्याच समोर का उभी राहते. आपण ज्याचं वाईट केलं त्याचाच तिरस्कार करणं किती सोपं असतं हे मी त्या काउंटरमागे शिकले.

लघवीच्या तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या म्हणून आठ आठवड्यांनी डॉक्टरने तिचे टेकअवे परत सुरू केले. पोलिसांना तिच्याविरुद्ध काही मिळालं नाही. तिने ते पत्र काउंटरवर सरकवलं आणि म्हणाली, "आता काय करू यांचं? जायचं कुठे?" मी फॉइल कापून तिच्यासमोर ठेवली.

हिवाळ्यात रेझरच्या ब्लेडची पाकिटं कमी व्हायला लागली. लहान पाकीट, महाग, बाहेर लगेच विकलं जातं. मालकाने काउंटरसमोरच्या फळीवर कॅमेरा लावला. तिला तो दिसत होता, सगळ्यांनाच दिसत होता. तरी एका बुधवारी, भर दुपारी, मी समोर असताना, तिने तीन पाकिटं उचलली आणि कोटाच्या आत टाकली. घाई नाही, लपवालपवी नाही. मी बघतेय हे तिने बघितलं. मी काही म्हणावं म्हणून ती थांबली होती की काय कोण जाणे. मी काही म्हटलं नाही. ती गेली.

मालकाने संध्याकाळी रेकॉर्डिंग बघितलं.

दुसऱ्या दिवशी तोच कॉन्स्टेबल आला. यावेळी मालक होता, त्याने आम्हाला मागच्या छोट्या खोलीत बसवलं. कॉन्स्टेबलने माझा जबाब घेतला. मी काय पाहिलं, कुठून पाहिलं, किती पाकिटं. सगळं खरं खरं सांगितलं, यावेळी काही गाळायची गरजच नव्हती. चोरी सिद्ध झाली तर ती पुन्हा आत जाईल, आधीचा रेकॉर्ड आहे, असं तो बोलता बोलता म्हणाला. वाचून दाखवलं, पेन पुढे केलं. मग आठवण झाल्यासारखं त्याने विचारलं, "याआधी इथे कधी काही उचललं होतं तिने?"

"नाही," मी म्हणाले. "दोन वर्षांत कधीच नाही. नोकरी होती तोवर."

त्याने मान हलवली. ते लिहून घेतो की काय म्हणून मी वाट बघितली. त्याने पेनचं टोपण काढून माझ्या हातात दिलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी सही केली.